पाऊण तास

"झिलूमामा, रेडिओ बांधलास व्हय पोटाला? बातम्या तरी लाव की," कुंपणापलीकडून म्हादू म्हणाला.

झिलू हसला, पण हसू एकाच गालावर उमटलं. दोन महिन्यांपूर्वी भात मळताना त्याचा उजवा हात लुळा पडला होता नि जीभ जड झाली होती. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त, साखर, दाब सगळं तपासलं, कारण काही सापडेना. काळीजच मध्ये ताल सोडत असेल तर रक्ताची गाठ होऊन डोक्यात जाते, म्हणाले. म्हणून छातीला तारा चिकटवून त्यांनी हे यंत्र कमरेला बांधलं होतं. आतल्या कॅसेटवर एक दिवस, एक रात्र ठोके टिपायचे. दोष सापडला तर त्यावरची गोळी देता येईल, नाहीतर झटका पुन्हा येईल. नर्सबाईनं झिलूच्या बायकोला, गिरजाला, वर दम भरला होता, "एकच यंत्र आहे सगळ्या दवाखान्यात. काढलंत तर बघा."

गिरजा सकाळपासून कोंबडीनं पिल्लू पंखाखाली घ्यावं तशी नवऱ्याला जपत होती. पण दुपारी देवराईत देवापुढं साऱ्या गावाचं गाऱ्हाणं होतं, आणि ते झिलूच्या घराण्यानंच घालायचं. जीभ जड असो की हलकी.

राईच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या, कमरेचे पट्टे सोडले. आत चामडं चालत नाही. यंत्राचं पाकीट चामड्याचं, तेही शिवून बंद केलेलं.

"ह्येचं कसं गो?" झिलूनं विचारलं.

"काढूया. वाईच येळ तर हाय," गिरजाच म्हणाली. एकेक तार सोडवून तिनं यंत्र पदरात घेतलं नि राखण करत बाहेर बसली.

पाऊण तासानं झिलू घामाघूम होऊन आला. "नारळ उचलला नि काळीज फडफडलं गो. जाळ्यात पाखरू गावल्यागत."

गिरजानं तारा पुन्हा चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाकी ठीक आहे. दुपारी पाऊण तास मात्र काहीच उमटलेलं नाही. काढलं होतं का? तसं असेल तर सांगा, पुन्हा लावू."

दारात नर्सबाई उभी होती. झिलूची जीभ वळायच्या आत गिरजा बोलून गेली, "न्हाई ओ. कुणी हातबी लावला न्हाई."

"धडधड?"

"न्हाई."

दोष आढळला नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

गावी परतताना रामनगरच्या बसमध्ये झिलूनं विचारलं, "खोटं कशाला गो?"

"यंत्र त्यांचं एकच हाय म्हनं."

"आनि काळजं माजी दोन हाईत व्हय?"

वैशाखात दुसरा झटका आला नि झिलूची वाचाच गेली. या खेपेला काळजाचा दोष ठोक्यांच्या पहिल्याच आलेखात उमटला. डॉक्टरांनी काही विचारलं नव्हतं, तरी गिरजा म्हणाली, "मीच काढलं हुतं. देवाकडं जाताना. धडधडलंबी हुतं तवा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते रागावले नाहीत. स्टूल तिच्याकडे सरकवून पुढच्या खाटेकडे गेले.

गिरजानं चमचाभर पेज झिलूच्या तोंडात घातली. ती ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर आली. तिनं पदरानं हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा भरला.