दीडाच्या कॉइलला साडेतीनचा दाब

माझ्या पोटात बॅटरी, डोक्यावर रसाची टाकी आणि बुडाला एक फिरती चकती. मुक्काम नायरी पाराताच्या एप्रनच्या खिशात. दुकानदार मला व्हेप म्हणतात, नायरी म्हणते 'माझी नळी', आणि मला तेच आवडतं. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये हे मलाही कळतं. पण खिशात राहणाऱ्याने कान कुठे ठेवायचे? तेव्हा जे ऐकलं ते सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आम्ही शेकडो बहिणी एकाच पट्ट्यावरून सरकत आलो, एवढंच. खरा जन्म झाला तो गोर गावात, पुलाजवळच्या मोइराच्या दुकानात. तिथे मी काचेच्या कपाटात उभी होते. येणारा-जाणारा मला उचलायचा, चकती फिरवायचा आणि परत ठेवायचा. एखादी मुलगी बघायला पाहुणे यावेत आणि चहा पिऊन निघून जावेत, तसंच.

जानेवारीत नायरी आली. पन्नाशीची दणकट बाई, मेंढ्या कातरणाऱ्या टोळीत लोकर उचलायचं काम करणारी. हातांना लोकरीच्या तेलाचा वास, आणि त्यावर विडीच्या तंबाखूचा.

"किती वर्षं ओढतेस?" मोइराने विचारलं.

"पंधरा वर्षांची होते तेव्हापासून. मोजायला लावू नकोस, मोजता मोजता धाप लागेल."

"मग आताच का सोडतेस?"

नायरीने काउंटरवर कोपर टेकले आणि सगळं सांगून टाकलं. तिच्या पिरिहिरा आत्याचं वय झालं होतं. मराएच्या, म्हणजे त्यांच्या कुळाच्या बैठकीच्या जागेच्या, अंगणात पाहुणे आले की त्यांना आणि कुळातल्या गेलेल्यांना पहिली हाक बाईने द्यायची, ती हाक चाळीस वर्षं आत्याच देत होती. आता ती नायरीने द्यावी असं तिच्या मनात होतं. नाताळात तिने नायरीला शिकवायला उभं केलं, तर तिसऱ्या ओळीला नायरीला खोकल्याची उबळ आली.

"आत्या काय म्हणाली माहितीय?" नायरी म्हणाली. "म्हणाली, तुझ्या छातीतनं बोलवलं तर पाहुणे येतील, पण आपले गेलेले लोक नाही येणार. त्यांना धुरातनं वाट दिसत नाही. ईस्टरपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर हाक धाकट्या चुलतबहिणीकडे जाणार."

"आणि ती कशी आहे?"

"आवाज छान आहे मेलीचा. तेच तर दुखणं आहे."

मोइराने मला कपाटातून काढलं. माझ्या आत एक छोटं तारेचं वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. तिच्याभोवती कापूस, कापसात रस. वीज गेली की तार तापते आणि रसाची वाफ होते. मोइराने कॉइलवरचा बारीक आकडा नायरीला दाखवला. दोन पूर्णांक चार. "हे हिच्या अडवणुकीचं माप. ओहम म्हणतात. ही कॉइल विजेला बऱ्यापैकी अडवते, म्हणून चकतीने विजेचा दाब चार पूर्णांक चार व्होल्टवर ठेवतेय. आकडा बदलला की चकतीही बदलायची. लक्षात ठेव."

नायरीने मान हलवली. मान हलवणाऱ्या माणसांची मला तेव्हा पारख नव्हती.

पहिले सहा आठवडे सोन्यासारखे गेले. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये दोन तास काम झालं की स्मोको होतो, म्हणजे चहाची सुट्टी. पूर्वी सगळे त्या सुट्टीत विड्या ओढत, त्यावरून हे नाव पडलं. टोळी पायऱ्यांवर बसायची, चीज रोल आणि चहा खायची-प्यायची, आणि नायरी मला खिशातून काढायची. लोक चिडवायचे. "नायरे, किटली उकळली वाटतं." ती ऐकून घ्यायची. आठवड्या-आठवड्याला खोकला कमी होत होता. गाडीत एकटी असली की ती हाक देऊन बघायची. तिसरी ओळ पार पडायला लागली, चौथीही.

मार्चमध्ये टोळी डोंगरातल्या एका मोठ्या मेंढीवाड्यावर दोन आठवड्यांसाठी निघाली. जाताना नायरी कॉइल घ्यायला दुकानात थांबली. मोइरा सुट्टीवर होती आणि गल्ल्यावर एक नवी पोरगी. जुन्या आकड्याच्या कॉइल संपल्या होत्या. पोरीने दुसरी डबी पुढे केली. "याही बसतात. पेच एकच आहे."

बसल्या खऱ्या. डबीत पाच होत्या, प्रत्येकीवर आकडा एक पूर्णांक पाच. माझी चकती मात्र राहिली चार पूर्णांक चारवर. मी बोलू शकत असते तर तिथेच ओरडले असते.

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांना सोपं करून सांगते. नळाला पाण्याचा दाब तेवढाच ठेवला आणि तोटी मोठी केली, तर पाणी धो धो येणारच. कॉइलचा आकडा लहान म्हणजे अडवणूक कमी. तेवढ्याच दाबात वीज जास्त घुसते, तार जास्त तापते. कापसाला रस प्यायलाही सवड मिळत नाही. तो करपतो.

पहिल्याच झुरक्याला नायरीचं तोंड वाकडं झालं. "अगं आई गं. भात लागल्यासारखी चव आहे."

आणि मग तिने ती चूक केली, जी शेडमधला प्रत्येक नवशिका करतो. हातातलं कातरायचं यंत्र नीट कातरत नसलं की नवशिका त्याची पातं दाबणारी वरची घुंडी आणखी आवळतो. नायरीने माझी चकती आणखी वर नेली. चार पूर्णांक आठ. तिला वाटलं, मी कमी पडतेय. मी तर जळत होते.

तीन दिवसांत चार कॉइल करपल्या. करपलेला कापूस पुन्हा धड होत नाही, बाई. घसा सोलवटला आणि खोकला परत आला. चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने मला लोकरीच्या गठ्ठ्यावर फेकलं आणि मोठ्या भावाच्या शेजारी जाऊन बसली. होहेपा टोळीतला सगळ्यात जुना कातरणारा. त्याच्या पायाशी त्याची तंबाखूची पिशवी पडलेली होती.

"दादा, एक वळून दे."

होहेपा कातरायच्या यंत्राच्या फण्यांना धार लावत होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "आत्याला काय सांगशील?"

"सांगेन, नळी वाईट निघाली. विडी तरी घशाला ओळखते."

"ईस्टरला सतरा दिवस आहेत."

"मला मोजता येतं. तू देतोस का मी घेऊ?"

"घे की. पिशवी तिथेच आहे. मी काय तुझा मास्तर?" असं म्हणून त्याने गठ्ठ्यावरून मला उचललं. "पण हिला झालं काय ते तरी बघू."

नायरीच्या हातात पिशवी होती. तिने ती अजून उघडली नव्हती, आणि माझं सगळं लक्ष तिच्या बोटांवर.

होहेपाला व्हेपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं त्याने फणी, पातं आणि घुंडी यांची जुळणी केलेली. त्याने मला उघडलं, काळी कॉइल नाकाशी नेली आणि डोळे बारीक करून आकडा वाचला.

"एक पाच. आधीचीवर काय होतं?"

"दोन चार. का?"

"आणि ही खालची चकती?"

"तीच होती. मग मी वाढवली. वाफ बरोबर येत नव्हती ना."

होहेपाने मला मांडीवर ठेवलं आणि बहिणीकडे असं बघितलं, की मलाच लाज वाटली. "नायरे, तू या शेडमध्ये वाढलीस. नवीन पातं बसवलं की घुंडी काय करतो आपण?"

नायरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांग की. नवख्यांना तूच ओरडतेस."

"सैल करतो. मग हळूहळू लागेल तेवढी आवळतो." ती पुटपुटली.

"आणि जुन्या पात्याची घुंडी तशीच ठेवून वर आणखी आवळली तर?"

"यंत्र तापतं. हात भाजतो."

"मेंढीची कातडीही. आणि तू इथे आपला घसा भाजत बसलीयस. कमाल आहे बाई तुझी."

डबीत एकच कॉइल उरली होती. दुकान दोन तासांच्या रस्त्यावर आणि गाडी शनिवारशिवाय जाणार नव्हती. नायरीने पिशवी खाली ठेवली, पण हाताच्या अंतरावर. शेवटची कॉइल बसवली, कापसावर रसाचे थेंब सोडले आणि तो मुरायला दहा मिनिटं थांबली. चकती तिने अगदी खाली नेली, तीन पूर्णांक दोनवर. झुरका घेतला.

"काय?" होहेपाने विचारलं.

"पाणचट आहे. पण जळकी नाही."

एक टिचकी वर. परत झुरका. साडेतीनवर ती थांबली. वाफ कोमट आणि भरपूर आली. मला माझाच अभिमान वाटला. मी वाईट नव्हते. माझी जुळणी चुकली होती.

नायरीने पायाने पिशवी भावाकडे सरकवली. "ही ने तुझी. वास येतो."

"आली मोठी," होहेपा म्हणाला. पण पिशवी त्याने खिशात घातली आणि त्या सुट्टीत स्वतःही ओढली नाही.

ईस्टरच्या शनिवारी नायरीने काळे कपडे घातले आणि मला होहेपाकडे दिलं, म्हणून मी ऐकलं ते त्याच्या कोटातून. पाहुणे फाटकाशी येऊन थांबले. मग तिची हाक निघाली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. होहेपाची छाती मधेच हलायची थांबली होती. चौथी ओळ लांब गेली, खाली उतरली, आणि पलीकडून पाहुण्यांमधल्या हाक देणाऱ्या बाईचं उत्तर आलं.

जेवणाच्या वेळी पिरिहिरा आत्या नायरीजवळ आली. "तिसरीनंतर श्वास चोरलास."

"चोरला, आत्या."

"मीही तिथेच चोरते. पुढच्या वेळी खांदा हलवू नकोस, म्हणजे झालं."

याला आता दोन वर्षं झाली. माझ्या चकतीवरचे आकडे पुसलेत. रसातली निकोटीनची ताकद नायरीने थोडी थोडी कमी करत आणली आणि आता ती जवळपास शून्यावर आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि सांगायला दोन गोष्टी आहेत. ज्यांनी कधी विडी ओढली नाही त्यांनी माझ्या वाटेला जाऊ नये, मी काही चैनीची वस्तू नाही. आणि जे विडी सोडायला माझ्याकडे येतात त्यांनी चव बिघडली की आधी कॉइलवरचा आकडा वाचावा, मग चकती खालून वर न्यावी. वरून खाली नाही.

आणि नायरे, तुझ्याकडे एक मागणं. चार दिवस झाले, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बॅटरी संपून पडलेय आणि तुला झुरक्याची आठवणसुद्धा झाली नाही. आज सकाळी तू वायर हातात घेतलीस, माझ्याकडे बघितलंस आणि कुणी दार वाजवलं म्हणून गेलीस. परत येशील तेव्हा मला चार्जला लावू नकोस. मोइराच्या दुकानात जुन्या बॅटऱ्यांची पेटी आहे, तिथे नेऊन ठेव. मला चालेल.