चुकीच्या उत्तराला शाबास

अमेरिकेत, अल्फारेटा गावी, माझ्या मुलाच्या, शैलेंद्रच्या, घरी जेवणाच्या टेबलाभोवती ज्या खुर्च्या होत्या, त्यांतली खिडकीजवळची करकरायची. हे नेहमी त्याच खुर्चीत बसायचे. साताऱ्याच्या हायस्कुलात ह्यांनी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, तो उभं राहून. इथे गुडघे दुखायचे म्हणून बसून शिकवायचे, आणि वर्गात विद्यार्थिनी एकच, आमची नात अनिका. ती चौथीत होती.

तिच्या बाई, मिसेस हॉलवे, धड्यांची उजळणी खेळातून घ्यायच्या. वर्गाचे दोन गट करायचे, टेबलावर घंटी ठेवायची, भिंतीवर अमेरिकेचा जुना नकाशा लावायचा आणि चिठ्ठ्यांवरचे प्रश्न विचारायचे. जो आधी घंटी वाजवेल त्याने उत्तर द्यायचं. ह्यांना तो खेळ फार आवडला. अनिकाचं पुस्तक वाचून हे स्वतःच प्रश्न काढायचे आणि दुपारी ती बसमधून उतरली की विचारायचे. घंटीऐवजी वाटी आणि चमचा.

२००५च्या जानेवारीत आमच्या व्हिसाची मुदत संपत आली. परतायची तयारी सुरू झाली तशी अनिका रुसली.

"आता माझी क्विझ कोण घेणार? डॅडला तर काहीच येत नाही."

"मी आहे ना," हे म्हणाले. "मी गेलो तरी घेईन."

शैलेंद्रने गॅरेजमधून त्याचा जुना टेपरेकॉर्डर काढून दिला. त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत बसून ह्यांनी एका कॅसेटवर प्रश्न भरले. प्रश्न विचारायचा, अनिकाला उत्तरासाठी थोडा वेळ द्यायचा, मग बरोबर उत्तर सांगून "शाबास, अनिका" म्हणायचं. ती चुकली असली तरी शाबास. टेप भरत असताना मी मागे स्वयंपाकघरात होते.

आम्ही साताऱ्याला आलो आणि मार्चमध्ये हे गेले. सकाळी पेपर वाचता वाचता. शैलेंद्र आला, दिवसकार्य झालं, आणि तो मला घेऊनच अमेरिकेला परतला.

आल्यावर पहिल्याच दुपारी मी वरच्या खोलीत पडले होते. खालून ह्यांचा आवाज आला, "जेम्सटाउन कोणत्या नदीकाठी वसलं?"

मी जिन्याचा कठडा धरून उतरले. अनिका टेबलाशी बसली होती. समोर टेपरेकॉर्डर, आणि खिडकीजवळची खुर्ची अर्धवट मागे ओढलेली, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी. तिने उत्तर दिलं. टेपमध्ये ह्यांनी श्वास घेतला, खुर्ची करकरली. मी खुर्चीकडे पाहिलं.

"शाबास, अनिका," हे म्हणाले.

"थँक यू, आजोबा," ती म्हणाली.

रोज दुपारी असंच व्हायचं. त्या खुर्चीत ती कोणाला बसू देत नसे. एकदा सीमाने, माझ्या सुनेने, तिथे धुतलेल्या कपड्यांची बास्केट ठेवली तर अनिकाने ती उचलून जमिनीवर ठेवली. सीमा मला हळूच म्हणाली, "आई, तुम्ही तरी तिला समजवा ना. ती टेपशी बोलते. मला भीती वाटते हो."

मी बरं म्हटलं. पण करकर ऐकू आली की माझीच मान वळायची, मी तिला काय समजावणार?

त्या टेपमध्ये एक चूक होती. ह्यांनी एक प्रश्न पुस्तकातला न घेता मनाने घातला होता. "इंग्रज अमेरिका सोडून कधी गेले?" आणि उत्तर, "चार जुलै, सतराशे शहात्तर."

ती अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची तारीख. ही चूक कुठून आली ते मला ठाऊक होतं. सत्तेचाळीस साली हे शाळकरी होते. मध्यरात्र उलटली, सकाळी इंग्रजांचा झेंडा गेलेला आणि आपला वर चढलेला, हे ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वातंत्र्यदिन म्हणजे साहेब निघून गेल्याचा दिवस, दुसरा अर्थच ह्यांना माहीत नव्हता. नुसतं जाहीर करायचं आणि मग वर्षानुवर्षं लढत बसायचं, असा स्वातंत्र्यदिन असतो हे ह्यांच्या मनातही आलं नसेल.

अनिकाला मात्र माहीत होतं. "आजी, दॅट्स राँग. तेव्हा तर वॉर चालू होतं. ब्रिटिश एटी-थ्रीमध्ये गेले."

"मग तसं म्हण की."

तिने मान हलवली. "मी एटी-थ्री म्हटलं तर आजोबा शाबास नाही म्हणणार."

त्यामुळे रोज तो प्रश्न आला की ती सतराशे शहात्तर म्हणायची, आणि शाबास मिळवायची.

शैलेंद्रने जेवताना ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "मी टेप कंप्युटरवर घेतो आणि तेवढा प्रश्न कट करतो. उगाच टेस्टमध्ये चुकेल."

"नको," अनिका आणि मी एकदमच म्हणालो. तिचं कारण वेगळं होतं, माझं वेगळं. त्या प्रश्नाच्या मागोमाग टेपमध्ये माझा आवाज होता.

मे महिन्यात वर्षअखेरीचा मोठा खेळ झाला. घरच्यांना बोलावलं होतं. शैलेंद्र आणि सीमा ऑफिसला गेलेले, म्हणून शेजारच्या पद्मिनीने मला शाळेत सोडलं. मी मागच्या ओळीत बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मी स्वेटर ठेवला.

नद्या झाल्या, तेरा वसाहती झाल्या. मुलं नकाशाकडे धावत होती, बोट ठेवत होती, एकमेकांना चिडवत होती. दोन्ही गट बरोबरीत आले. मिसेस हॉलवेंनी शेवटची चिठ्ठी उघडली. इंग्लंडने हार मान्य करून करारावर सही केली आणि त्यांचं उरलेलं सैन्य न्यूयॉर्कमधून निघून गेलं, ते वर्ष कोणतं?

घंटी अनिकाने वाजवली.

आणि तिचा हात घंटीवरच राहिला.

तिचा गट कुजबुजू लागला. "कम ऑन, यू नो दिस." बाईंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. वर्गात तसली शांतता पसरली जी मी रोज दुपारी ऐकत होते, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली. माझ्या बाजूला खुर्ची करकरली. मी वळून पाहिलं नाही. अनिका मात्र पाहत होती, बाईंकडे नाही, माझ्याकडेही नाही, माझ्या शेजारी.

"सेव्हंटीन एटी-थ्री," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. तिच्या गटातल्या मुलांनी तिला गराडा घातला. ती त्यांच्यामधून वाट काढून तशीच बघत राहिली, काही ऐकायला थांबल्यासारखी. शाबास मीही म्हणू शकले असते. पण ते माझं शाबास तिला नको होतं.

घरी आल्यावर तिने बूट काढले नाहीत, दूध घेतलं नाही. थेट टेबलाशी गेली आणि टेप लावली. पुढे-मागे करून तो प्रश्न काढला.

"इंग्रज अमेरिका सोडून कधी गेले?"

"सेव्हंटीन एटी-थ्री, आजोबा."

श्वास. करकर. "चार जुलै, सतराशे शहात्तर. शाबास, अनिका."

तिने टेप मागे नेली. परत प्रश्न आला. या वेळी ती खुर्चीकडे वळून समजावून सांगू लागली. "तेव्हा वॉर संपलं नव्हतं, आजोबा. मग त्यांनी पॅरिसमध्ये साइन केलं, आणि मग..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ह्यांचा आवाज तिच्या आवाजावरून निघून गेला. सतराशे शहात्तर. शाबास.

तिने टेप थांबवली. 

"आजी, त्यांना ऐकू येत नाही."

"नाही गं."

"मी रोज बाकीची उत्तरं बरोबर सांगायचे, तेव्हाही नाही?"

मी तिच्याजवळ बसले. "तेव्हाही नाही."

ती रडली नाही. तिने पुन्हा बटण दाबलं, बहुतेक सवयीने. प्रश्न आला. उत्तराची जागा तशीच रिकामी गेली. श्वास, करकर, उत्तर, शाबास. तिने बंद करायला बोट पुढे केलं. मी तिचं मनगट धरलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून मी त्यांना हाक मारायची आहे."

टेपमध्ये भांडं वाजलं. मग लांबून, स्वयंपाकघरातून, माझा आवाज आला. "अहो, येताय ना? चहा गार होतोय."

"आलो, आलो," हे म्हणाले.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. आम्ही दोघींनी मान वर केली नाही.