डालग्याखालचा पाहुणा

मी एक जुनं डालगं आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी डालगं पाहिलंही नसेल. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कामट्यांची विणलेली मोठी टोपली, पण ती वापरायची पालथी. दिवस मावळला की कोंबड्या तिच्याखाली कोंडायच्या आणि वर एक धोंडा ठेवायचा, एवढंच माझं काम. सरळ टोपलीला बाजार दिसतो, लग्नघरं दिसतात. माझा जन्म मात्र पालथं पडण्यात गेला. पण पालथ्या डालग्याखाली काय काय घडतं, ते सरळ टोपल्यांना जन्मात कळायचं नाही.

मला हरणाबाई बुरडिणीने विणलं, तासगावात. तिची बोटं कामट्यांनी चिरलेली असायची आणि तोंडाचा पट्टा सुरू असायचा. ती सुनेला सांगायची, "आगं, भोकं अशी ठेव, की कोंबडीला वारा लागला पायजे आन् मांजराचा पंजा शिराय न्हाई पायजे." तशीच माझी वीण झाली. पुढे याच भोकांनी मला रडवलं, पण त्यात हरणाबाईचा काय दोष?

बाजारातून मला धोंडुबाईने नेलं. कवठे महांकाळच्या बाजूला, लहान आगगाडीच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर तिचं घर होतं. माणसं धनगर. तिचा नवरा भाऊसो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचा, तो वैशाखातच परतायचा. पोटी मूल नव्हतं. तेवढे महिने धोंडुबाई आणि तिच्या कोंबड्या. त्या वर्षांत माझा काय थाट होता! रोज शेणाने सारवलेल्या जमिनीवर मला मांडायची, कोंबड्यांना राळ्याचे बारीक दाणे टाकायची आणि म्हणायची, "माझं डालगं हाय म्हनून मी निवांत झोपती." कौतुक कुणाला आवडत नाही? मी आणखी ताठ बसायचे.

मग लढाईची वर्षं आली. रॉकेल मिळेना, कापड मिळेना. त्यातच एका थंडीत कोंबड्यांत मानमोडीचा रोग शिरला. आज एक, उद्या दोन, असं करत माझ्याखालचं सगळं गोकुळ ओस पडलं. शेवटची तांबडी कोंबडी गेली त्या दिवशी धोंडुबाईने मला उचलून भिंतीकडे ढकललं. त्यानंतर तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भाऊसो रानात, कोंबड्या गेलेल्या आणि ती एकटीच भाकरी थापायची. घरात कुणाशी बोलायचं म्हटलं तर चूल तेवढी होती. मीही होते, पण रिकाम्या डालग्याशी कोण बोलतं?

माघात एका सकाळी कुंपणाच्या बाभळीत कावळ्यांनी कालवा केला. धोंडुबाई काठी घेऊन धावली आणि पदरात काहीतरी घेऊन परत आली. तिने मला ओढलं, झटकलं आणि त्या पाखरावर पालथं घातलं.

मित्रांनो, असं पाखरू मी कधी पाहिलं नव्हतं. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर शेंदरी टिकल्या आणि डोक्यावर उभा तुरा. एका पंखातून रक्त येत होतं. ते माझ्या कडेला अंग चोरून बसलं. त्याच्या छातीचे ठोके माझ्या कामटीला कळत होते.

शेजारून धोंडुबाईची थोरली जाऊ तानुबाई आली. वाकून बघून म्हणाली, "पोपटच हाय गं ह्यो, परदेशी. ह्येला मिरची दे."

झालं! मिरची आली. मग भिजवलेली हरभऱ्याची डाळ आली, पेरूची फोड आली, दुधात कुस्करलेली भाकरी आली. पाखराने कशालाही चोच लावली नाही. धोंडुबाई माझी कड जराशी उचलून मिरची पुढे सरकवायची आणि ते बिचारं मागे मागे सरकायचं. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्याला झालं असेल.

पण मला एक ठाऊक होतं. माझ्या कडेच्या विणीत जुन्या कोंबड्यांच्या वेळचे राळ्याचे दाणे अडकलेले होते. पाखरू एकटं असलं की हळूच चोच घालून ते काढायचं, सोलायचं आणि खायचं. एवढीएवढीशी टरफलं माझ्या कडेला चिकटून राहायची. मी मनात ओरडायचे, "धोंडुबाई, राळे! वळचणीला बियाण्याची कणसं टांगलीत ना, त्यांतलं एक दे!" पण डालग्याला तोंड कुठलं? विणीतले दाणे किती पुरणार? दोन दिवसांत तेही संपले.

दुसरंही एक मला कळत होतं आणि तिला कळत नव्हतं. उन्हं कलली की मिरजेची लहान गाडी यायची आणि सुटताना गार्ड शिट्टी वाजवायचा. ती ऐकली की पाखराचा तुरा ताठ व्हायचा. ते जखमी पंखाने धडका घ्यायचं, माझ्या कामट्या चोचीने ओढायचं. धोंडुबाईला वाटायचं, गाडीला भ्यालं. मग ती मायेने मला घोंगडीने झाकायची. म्हणजे जी शिट्टी ऐकण्यासाठी त्याचा जीव तुटत होता, तीच ती बंद करायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मला तर वाटायचं, फुटावं आपण, दोन कामट्या तरी मोडाव्यात. पण हरणाबाईने वीण भलती पक्की घातली होती.

पाखरू वाळत चाललं. त्याची मान खाली गेली.

तेवढ्यात गावात बातमी फिरली. तोंड पिवळं, गाल शेंदरी! बिरोबाच्या देवळाचे पुजारी नाथाजी स्वतः बघायला आले. सारं गाव त्यांना मामा म्हणायचं. धनगरांच्या घरी बिरोबाच्या पिवळ्या भंडाऱ्याहून मोठं काही नाही. तो कपाळाला लावतात, देवावर उधळतात, मेंढरांवर उधळतात. नाथाजींनी माझ्यातून डोकावून पाहिलं आणि हात जोडले.

"धोंडू, तुझ्या दारी बिरुबानं भंडारा लावून पाखरू धाडलंय," ते म्हणाले. "लय मोठं भाग्य हाय, पोरी."

धोंडुबाईने पदर पसरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एकटीची देवाला आठवण झाली असं वाटलं असेल तिला. बायका जमल्या, गडी जमले, ढोल आला. "बिरुबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला आणि नाथाजींनी मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. मागून दुसऱ्यांनी, तिसऱ्यांनी. हळदीची ती बारीक पूड माझ्या भोकांतून थेट आत उतरली. मित्रांनो, मांजराचा पंजा अडवणारं मी, मला ती पूड अडवता आली नाही. आत सगळं पिवळं झालं. पाखराने डोळे मिटले, चोच उघडली. प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली होऊ लागली आणि छातीतून घरघर येऊ लागली.

बाहेर चांगभलं, आत मरण. कुणाला काही दिसत नव्हतं. मला इतकं असहाय कधीच वाटलं नाही, कोंबड्या मेल्या तेव्हाही नाही.

धोंडुबाई नमस्काराला वाकली तेव्हा तिला ती उघडी चोच दिसली. नाथाजींनी पुन्हा मूठ भरली होती. ती झटक्यात उठली, खांद्यावरची घोंगडी माझ्यावर टाकली आणि मला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली.

"मामा, बास करा!"

ढोल थांबला. नाथाजींच्या कपाळाला आठी पडली. "भंडारा अडीवतीस? बिरुबाचा?"

"पाखरू गुदमरतंय, मामा."

"तुझा दाल्ला मेंढरं घिऊन रानात हाय. त्येच्या पाठीशी कोन हाय, ठावं हाय न्हवं? उद्या काय इपरीत झालं तर कुनाला बोल लावशील?"

तिने मिठी आणखी घट्ट केली. तिचे हात माझ्यावर होते, मला कळत होतं. भाऊसोशिवाय तिला जगात कुणी नव्हतं. तरी ती उठली नाही.

"द्येवानं धाडलं आसंल, तर जगवाय धाडलं न्हवं?" ती रडत म्हणाली. "मी मारून परत कसं धाडू, मामा?"

नाथाजी मूठ तशीच घेऊन निघून गेले. मागोमाग गाव गेलं. जाता जाता तानुबाई म्हणाली, "चुकलीस बाय. घरावर वढवून घेतलंस."

धोंडुबाईने दार लावलं. पाखराला काढून ओल्या फडक्याने त्याची चोच पुसली, पंख पुसले, पदराने वारा घातला. मग भंडारा झाडायला तिने मला सरळ करून आपटलं. माझ्या कडेच्या विणीतून राळ्याची टरफलं तिच्या पायाशी पडली. ती वाकली. एक टरफल बोटावर घेऊन उजेडात धरलं.

"आगं बया," ती पुटपुटली. "कोंबड्या टरफल सोलत न्हाईत."

तिने धावत जाऊन वळचणीचं बियाण्याचं कणीस ओढून काढलं आणि पाखरासमोर धरलं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग त्याने मान उचलली. एक दाणा घेतला, चोचीत फिरवला, सोलला. धोंडुबाई हुंदके देत हसत होती. त्या दिवशी मी रिकामं, उताणं पडले होते आणि माझ्याइतकं सुखी डालगं साऱ्या मुलखात नसेल.

पण देवाला दुखवल्याची भीती तिला सोडीना. कुत्रं भुंकलं तरी तिला वाटे, भाऊसोची वाईट खबर आली. पाणवठ्यावर बायका तिच्यापासून अंतर ठेवून घागरी भरत. घरात मात्र पाखराचा पंख भरून आला आणि ते तिच्या खांद्यावर बसू लागलं. ती त्याच्याशी बोलायची: भाऊसो कसा आहे, मेंढरं कशी आहेत, कोंबड्या कशा गेल्या. पाखरू मान वाकडी करून ऐकायचं.

एके दिवशी तिचे हात पिठात होते आणि गाडी आली. मला झाकायला तिला वेळ झाला नाही. लांबून गार्डची शिट्टी आली, एक लांब आणि दोन तुटक. लगेच माझ्याखालून तश्शीच शिट्टी वाजली.

धोंडुबाई पिठाच्या हातांनी उभी राहिली. तिला सारं उमगलं. हे पाखरू कुणाचं तरी आहे आणि तो माणूस रोज तिच्या दारावरून जातो.

तिने काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी गाडीच्या वेळी तिने घोंगडी आणली आणि मला झाकलं. तिसऱ्या दिवशीही झाकलं. घोंगडीवर गाल टेकून ती म्हणाली, "ऱ्हा की रं माझ्यापाशी. मला तरी कोन हाय?" आत पाखरू धडका घेत होतं. मी तिला दोष देत नाही. रिकामं होणं म्हणजे काय ते मला विचारा.

पण पाखराने पुन्हा कणसाकडे पाठ फिरवली. त्या दिवशी तिने मला काखोटीला मारलं, खालून फडकं बांधलं आणि स्टेशनाची वाट धरली.

गार्डचं नाव लालासाहेब. मिरजेचा, पिकल्या मिशांचा माणूस. फडकं सोडल्याबरोबर पाखरू उडून त्याच्या टोपीवर बसलं आणि शिट्ट्यांचा पाऊस पाडला. लालासाहेब तिथेच फलाटावर बसले.

"बाई, ह्याला कॉकाटील म्हणत्यात," ते म्हणाले. "आमचा इंग्रज ड्रायव्हर लढाईवर गेला, तो जाताना देऊन गेला. माझी मंडळी वारली, तवापास्नं डब्यात माझ्याबरबर ह्योच हाय. पिंजऱ्याची कडी निसटली आन् ह्यो उडाला. रोज ह्या स्टेशनात शिट्टी वाजीवतो, कान दिऊन ऐकतो. वाटलं, गेलाच." त्यांनी डोळे पुसले. "काय दिऊ तुमास्नी?"

धोंडुबाईने मला उराशी धरलं. मी पुन्हा रिकामं झाले होते.

"गाडी सोडताना दोनदा शिट्टी वाजवा," ती म्हणाली. "येक गाडीची. येक माझ्या घराची."

वैशाखात भाऊसो परतला, धडधाकट. मेंढरंही सुखरूप होती. त्याने पाय धुवायच्या आत गावाने सगळं त्याच्या कानावर घातलं होतं. धोंडुबाई मान खाली घालून उभी राहिली. भाऊसोने कनवटीची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि तिच्या कपाळाला लावला.

"बिरुबा मेंढक्याचा द्येव हाय," तो म्हणाला. "जीव जगीवनारावर त्यो कशाला कोपंल?"

तेव्हा ती जी रडली, ती त्या सगळ्या महिन्यांची रडली.

दुसरी शिट्टी रोज यायची. कधी ती लालासाहेबांची असायची, कधी पाखराची. धोंडुबाईला फरक कळायचा. पाखराची असली की ती हातातलं काम टाकून दारात यायची. अशी वर्षं गेली. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, तिच्या केसांत पांढरं आलं. मग एका संध्याकाळी एकच शिट्टी वाजली. धोंडुबाई दारात उभीच राहिली. दुसऱ्या दिवशीही एकच वाजली. गार्ड बदलला होता.

ती आत गेली, वळचणीचं राळ्याचं कणीस काढलं आणि माझ्या पाठीवर ठेवलं. कुणासाठी ते बोलली नाही. सकाळी ते चिमण्यांनी खाल्लं. तिने दुसरं ठेवलं. ती होती तोवर तिने तो नेम मोडला नाही.

आता ती नाही. माझ्या कामट्या किडल्यात आणि माझ्यात जुनी दावी टाकून ठेवतात. मित्रांनो, तुमच्या दारात कुणी भुकेलं, जखमी आलं, तर तुम्हाला आवडतं ते त्याच्या तोंडात कोंबू नका आणि त्याला देव करून गुदमरवूही नका. जरा शेजारी गप्प बसा आणि ते काय शोधतंय ते बघा. मला सगळं दिसत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.