निववलेली पळी

"झाली! लाल झाली!" असा गलका उठला आणि माणसं निखाऱ्यांभोवती अशी दाटली, की मागच्यांना नुसता धूर दिसावा. सिनाईच्या त्या वाळूत कॉफीचे दाणे भाजायची लांब दांड्याची लोखंडी पळी आज चोर ओळखणार होती. उम्म गालिबच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. संशय दोघांवर: तिचा पुतण्या जाझी आणि शाळेत झाडलोट करणारी विधवा हमदा. पळी जिभेने चाटायची. जीभ शाबूत तो खरा, भाजली तो चोर. आणि चोराने लेकराबाळांसह टोळी सोडून जायचं, कायमचं.

शाळेत विज्ञान शिकवणारा रिफअत पुढेच उभा होता. काय करणार बिचारा? आदल्या दिवशी तो तंबूतंबूत जाऊन हे थांबवा म्हणून कानीकपाळी ओरडून आला होता. "उस्ताद, तुम्ही तुमची पुस्तकं बघा," एवढंच ऐकून परतला होता.

पळीचा न्याय करणाऱ्या शेख उवैदचं तोंड मात्र अखंड चालू. "सात पिढ्यांची विद्या आहे, बाबांनो! ही पळी वकील मानत नाही, साक्षीदार मागत नाही. अरे, आगीला कोणी लाच देऊ शकतो का?"

आगीला नाही देता येत. शेखला देता येते. उम्म गालिबच्या घरचा बोकड सकाळपासून त्याच्याच दावणीला बांधलेला होता.

"ये जाझी. पाणी पी पोरा, चूळ भर." जाझीने खळखळून चूळ भरली आणि लालभडक पळीवरून जीभ झटकन तीनदा फिरवली. चर्र चर्र आवाज झाला. जीभ जशीच्या तशी! "अल्लाहू अकबर!" लोकांनी डोळे पुसले.

मग हमदाची पाळी. पहाटेच्या नमाजापासून तिला निखाऱ्यांशेजारी उन्हात बसवून ठेवलं होतं. भीतीने तोंडाला कोरड पडलेली. शेखने पाण्याचा लोटा पायाने हळूच मागे सारला. पळी पुन्हा लाल होऊन बाहेर आली, तेव्हा रिफअतला राहवलं नाही.

"अहो, निदान थोडी निवू तरी द्या! माणूस आहे ती!"

शेख गालातल्या गालात हसला. "उस्तादांचा शब्द कसा मोडायचा? निवू दे, बाई, निवू दे."

लाली उतरून पळी काळी पडली. हमदाने जीभ टेकवली, ती तिथेच चिकटली. तिची किंकाळी ऐकून उंटसुद्धा उठून उभे राहिले.

"पाहिलंत? निवलेल्या पळीनेही भाजली! चोर, पक्की चोर!"

संध्याकाळी रिफअतने चुलीवर रोट्यांचा तवा टाकला. घास उतरणार नव्हताच, हाताला काहीतरी चाळा हवा होता. तवा जेमतेम तापलेला असताना पाण्याचा थेंब पडला, पसरला, फसकन जळून गेला. तवा चांगला लाल होऊ लागला, तेव्हा पडलेला थेंब मात्र गोळी होऊन टुणटुण नाचत राहिला. रिफअतने आणखी एक थेंब टाकला, तोही नाचला. सातवीला तो वर्षानुवर्षं हेच शिकवत होता: उष्णता स्पर्शाने वाहते, आणि वाफेतून ती फार हळू वाहते.

सकाळी पिकअपमध्ये हमदाची गाठोडी चढत होती. रिफअतला पाहून तिने बोलायचा प्रयत्न केला. जमेना. तिने नुसता छातीवर हात ठेवून मान लववली. निवू द्या म्हणालात, उपकार झाले, असं सांगत होती ती! रिफअतला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच शेखच्या निखाऱ्यांकडे धावला, मागोमाग लोकही जमले. पळी लाल केली, थेंब टाकला. नाचला. पळी निवू दिली, थेंब टाकला. चिकटून जळाला.

"ही तुमची सात पिढ्यांची विद्या! ओल्या जिभेखाली क्षणभर वाफेची गादी होते, तेवढी जीभ वाचते. जास्त वेळ टेकवा, जाझीचीही जळेल. निवलेल्या पळीवर गादी होतच नाही. पळीला खरं-खोटं कळत नाही हो, ओलं आणि कोरडं तेवढं कळतं!"

"पाण्याला पाप नसतं, उस्ताद, माणसाला असतं," शेख म्हणाला. लोक हसले.

"मग तुम्ही चाटा. कोरडी जीभ, निवलेली पळी. तुम्ही तर कधी खोटं बोलत नाही ना?"

सगळे शेखकडे पाहू लागले. शेखने बोकड सोडला, दावं मनगटाला गुंडाळलं आणि नमाजाला उशीर होतोय म्हणत चालू पडला. नमाजाला अजून चार तास होते.

"थांबवा ती गाडी!" उम्म गालिबच ओरडली. दोन पोरं धावलीही. पण पिकअप टेकडीपलीकडे गेलेली, नुसती धूळ उरलेली.

रिफअत पळी हातात धरून उभा होता. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, "पुढच्या वेळी मला नका विचारू, शेखला नका विचारू. आधी थेंब टाकून बघा. मी सगळं शिकलेला होतो, तरी बघितलं नाही."