बाहीवरचे नऊ टाके

आठवड्यातून दोनदा मी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाहून विमानांच्या म्युझियममध्ये जाते. जुने गणवेश सांभाळायचे, लागेल तिथे टाका घालायचा, एवढीच माझी सेवा. तिथली क्युरेटर प्रीता, माझ्या मैत्रिणीची इथेच जन्मलेली मुलगी.

त्या मंगळवारी टेबलावर मेंढीच्या कातड्याचं जाकीट होतं. दुसऱ्या महायुद्धातलं, लोकर आत, कातडं बाहेर. बॉम्बरच्या उघड्या खिडक्यांतून उणे चाळीसचा वारा यायचा. विजेवर तापणारे कपडे येईपर्यंत आतल्या पोरांची भिस्त या लोकरीवरच. कातडं हाताळलं की घरी गेल्यावर आधी आंघोळ, मगच देवापुढे दिवा, हा माझा नेम.

उजव्या बाहीवर जाड पांढऱ्या दोऱ्याचे ओबडधोबड टाके होते.

“मावशी, हे वॉरनंतर घरी कुणीतरी घातलेत. हॉरिबल दिसतंय. उसवून नीट शिवा ना, उद्या प्रदर्शनाचं ओपनिंग आहे.”

“आज नागपंचमी गं. कापायचं नाही, चिरायचं नाही, सुई धरायची नाही.”

“सीरियसली? जाकिटात नाग बसलाय का?”

“घालून बघ हात.”

ती हसली. “ओके. उद्या सकाळी आठला. पक्कं?”

“येते.”

हात रिकामे होते, म्हणून जाकिटाबरोबर आलेला खोका आवरायला घेतला. त्यात एक फोटो निघाला. विमानापाशी उभा पोरगेला गनर, विमानातली बंदूक चालवणारा, अंगात हेच जाकीट. मागे तारीख: मार्च १९४४. मी फोटोतल्या बाहीवर भिंग धरलं. पांढरे टाके. मोजले, नऊ. जाकिटावरचे मोजले. नऊच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेले, पण शिवणाची पिशवी उघडली नाही.

“आज नागपंचमी नाही, मावशी.”

“नाही. पण मी उसवणार नाही.”

“प्लीज, वेळ नाहीये! मग मीच करते.” तिने ब्लेड उचललं.

मी बाहीवर तळहात ठेवला. आवाज चढवायची मला सवय नाही. तेव्हाही चढवला नाही. “आधी हा फोटो बघ. मग माझा हात बाजूला कर.”

तिने पाहिला. भिंगातून मोजले, पुन्हा मोजले.

“म्हणजे हे वॉरमध्येच...”

“फाटलं, शिवलं, अंगात घातलं. ते आपण का पुसायचं?”

तिने ब्लेड टेबलावर ठेवलं. “मी काढून टाकलं असतं, मावशी.”

“काढलं नाहीस ना.”

तिने जाकीट काचेच्या कपाटातल्या पुतळ्यावर चढवलं, पुतळा फिरवून उजवी बाही दर्शनी आणली. कॉलरचा पट्टा तेवढा सुटला होता. मी सुई ओवली.