घट्ट सांध्यांचा दगड

मी एक जुना वालुकाश्म आहे, म्हणजे वाळूचा खडक. खरे तर त्याचा अंगठ्याएवढा तुकडा. मित्रांनो, आता टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून मला ठेवतात. माझे काम दुसरे होते.

फार पूर्वी नदीने वाळू आणून टाकली. वरच्या ओझ्याने कण एकमेकांना टेकले आणि टेकले तेवढ्याच जागी घट्ट सांधले गेले. मधली जागा मोकळी राहिली. तिथे गोडे पाणी साठले.

खालच्या वस्तीच्या विहिरी खारट झाल्या, तेव्हा बोअरवाल्याने दोन ठिकाणचे खडक वर काढले: टेकडीतला मी आणि ओढ्याकाठचा एक मऊ सोबती. बोअरवाल्याची लेक त्याच वस्तीत दिलेली. त्याची थोरली बहीण प्रयोगशाळेत खडक तपासायची. तिला सगळेच ताई म्हणत.

ताईने आमच्यातून आवाज पाठवला. आवाज जितका वेगात जाईल तितका खडक कडक, दाबाला दाद न देणारा. आणि कडक खडकाची पोकळी बुजलेली, असे तिथल्या आलेखाचे गणित होते. माझ्यातून आवाज सुसाट गेला, सोबत्यातून रेंगाळत.

"याला पाणी पाजून वजन किती वाढतं ते बघायचं राहिलंय," ताई म्हणाली.

"आलेख सांगतोय ना? मग पुरे," प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले. "वस्ती खोळंबली आहे."

मला कोरडा ठरवणाऱ्या अहवालावर ताईने सही केली.

मित्रांनो, खाटेचे सांधे घट्ट असले म्हणून खाटेखालची जागा भरते का? पण मला तोंड नव्हते.

ओढ्याकाठी बोअर मारली. तो सोबती मऊ होता खरा, पण त्याच्या पोकळीत चिकणमाती बसली होती. गढूळ धार आली, तीही करंगळीएवढी.

बोअरवाला चिखलाच्या पायांनी ताईकडे आला.

"चहा घे," ती म्हणाली.

"पाणीच दे. पोरीच्या घरी मागायची लाज वाटली."

पिताना पेल्यातला थेंब माझ्यावर पडला आणि दिसेनासा झाला. ताईने बोटाने दुसरा सोडला. तोही गेला.

"हा तर ढोसतोय, ताई."

"मग टेकडीवर चल."

"मशीन वर्षभर दुसऱ्या कामाला गेलंय. आणि लेक सामान बांधतेय."

ताई खाली बसली.

तिने चूक साहेबांना लिहून कळवली. आता आलेखावर दोन रेषा आहेत: एक बुजलेल्या दगडांची, एक घट्ट सांध्यांच्या पण मोकळ्या दगडांची. नव्या दगडाला आधी पाणी पाजतात.

मित्रांनो, दगडावर टकटक जरूर करा. पण त्याला कोरडा ठरवण्याआधी पाणी पाजून पाहा. टेकडीत माझे भाऊबंद अजून भरलेले आहेत, आणि खाली दारांना कुलपे लागत आहेत.