कल्याणची चौकशी

माझा धाकटा कल्याण फुटबॉल खेळतो म्हणलं की आष्टीतली माणसं विचारायची, "टीव्हीवर कधी दिसंल?" मी म्हणायचे, "तुमचा टीव्ही लहान हाय, त्यात मावायचा न्हाई." खरं म्हणजे तो खालच्या लीगमधी खेळायचा. कधी गोव्यात, कधी कोल्हापुरात, कधी पार बंगालमधी. क्लब बंद पडला की बॅग घेऊन घरी, दुसरा मिळाला की परत परतूरच्या स्टेशनावर. मंग गुडघा गेला अन् खेळणं सरलं.

पण पोरगं रडत बसलं न्हाई. कोचिंगच्या परीक्षा दिल्या, शाळेच्या मैदानावर गावातल्या पोरींना शिकवायला लागलं. त्यातली एक राज्याच्या संघात गेली, तेव्हा दिल्लीवाल्यांची नजर याच्यावर पडली. भारताच्या लहान मुलींच्या संघाला सहाय्यक कोच पाहिजे होता. मुलाखत झाली. दोघांत अडकलंय, फोन करतो म्हणाले. हे जमलं न्हाई तर पुण्यात गोदामावर नोकरी धरीन, बॉलला पाय लावणार न्हाई, असं कल्याणनं मला सांगितलं होतं.

त्याच दिवसांत तीर्थपुरीचं एक स्थळ आल्तं. पोरीची मावशी चौकशीला फोन करणार होती.

एक दिवस कल्याण फोन चार्जिंगला लावून मैदानावर गेल्ता. फोन वाजला. मोठ्या सुनेचे, शालूचे, हात पिठात होते. मीच उचलला.

"कल्याण तौर आहेत का?" बाईचा आवाज, बोलणं एकदम साफ.

"मैदानावर गेलाय. मी त्याची आई."

"बरं झालं. त्यांची जरा चौकशीच करायची होती. तुम्ही सांगाल?"

मी पदर सावरून बसले. "बोला की, मावशी."

बाई म्हणाली, "स्वभाव रागीट आहे का?"

"राग येतो. पण तोंडात शिवी न्हाई. गप होतो अन् बूट घासत बसतो."

"अपयश आलं तर?"

"त्याचे क्लब जिंकले कधी? हरून यायचा, पोटभर जेवायचा, सकाळी परत पळायला हजर."

"आणि मुलींशी कसे वागतात?"

माझं डोकंच फिरलं. "हे काय विचारणं झालं? अंधार पडला तर एकेकीला दारापर्यंत सोडतो. एकीच्या बापानं खेळ बंद केल्ता, तर हा रोज त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. शेवटी बाप म्हणला, पोरगी ने बाबा, पण माझा चहा वाचव! तुमची पोरगी त्याच्याकडं बिलकुल सुखात राहील."

तिकडं हसू फुटलं. "आमच्या तीसेक मुली आहेत हो."

"अगं बाई! आम्ही एकच मागितली होती!"

"आई, मी दिल्लीहून बोलतेय. भारताच्या संघाकडून."

शालूनं पिठाच्या हातानंच तोंड झाकलं. पोराचं सारं मीच घालवलं की काय? पण मी म्हणलं, "मावशी असा न्हाई तर मॅडम, बोलले त्यातलं एक अक्षर मागं घेणार न्हाई."

"घेऊ नका. खेळ दोघांनाही येतो, म्हणूनच अडलं होतं. त्यांना बॅग भरायला सांगा."

मी तशीच मैदानावर गेले. कल्याण पोरींच्या मधी उभा होता. मी लांबूनच ओरडले, "दिल्लीचा फोन आल्ता! बॅग भर म्हणाल्या!"

तो मटकन खालीच बसला. दोन्ही हात डोक्यावर. मंग म्हणला, "आई, तू काय बोललीस त्यांना?"

"विचारलं ते सांगितलं. ऊठ, कपडे मळतेत."

पोरी भोवती जमल्या. एक धिटुकली म्हणली, "सर, तिकडच्या पोरी आमच्यापेक्षा भारी असतात का?"

"बघून सांगतो," कल्याण म्हणला.

"तो कशाला सांगंल?" मी म्हणलं. "खेळा बराबर, अन् तुम्हीच जा बघायला."

पोरींनी बॉल उचलला अन् परत पळाल्या.